शाळेची सकाळ शांत कशी होईल?



या महिन्याच्या भित्तिपत्रकासाठी बाईंनी आम्हांला 'आपली दिनचर्या' हा विषय दिला. कोणी रात्रीवर लिहिले, कोणी खेळावर लिहिले. मी सकाळ घेतली. कारण माझा धाकटा भाऊ या वर्षी पहिलीत आला. आम्ही त्याला बारक्या म्हणतो. पहिलीच्या मुलांची सकाळ हा मोठा अवघड विषय आहे, हे मी रोज घरी बघते. म्हणून बाईंना विचारून, आजीला विचारून आणि स्वतः पाहून मी हा पाठ तयार केला आहे.

शांत सकाळ म्हणजे काय?

शांत म्हणजे गप्प बसणे नव्हे. आमच्या घरी सकाळी कोंबडा ओरडतो, म्हैस ओरडते, बादली वाजते. ते चालतेच. शांत सकाळ म्हणजे ज्या सकाळी कोणी कोणावर ओरडत नाही, कोणी रडत शाळेत जात नाही आणि कोणी उपाशी जात नाही. ज्या मुलाला आता काय करायचे आणि त्यानंतर काय करायचे हे माहीत असते, ते मूल शांत असते. ज्याला माहीत नसते ते गोंधळते.

बऱ्याच घरांत सकाळ अशी असते. "आरं ऊठ की! किती वाजलं बघ!" "चप्पल कुठाय माझी?" "शाळेचा सदरा धुवायचा राहिला गं!" "मी न्हाई जाणार साळंत!" असे झाले की आई चिडते, मूल रडते आणि म्हातारी माणसे मधे बोलतात. मग रडलेले मूल वर्गात आले तरी त्याचे लक्ष फळ्याकडे नसते. बाई म्हणतात, पहिल्या तासाला शिकवलेले अक्षर रडणाऱ्या मुलाला दिसतच नाही. म्हणजे सकाळ बिघडली की शिकणे पण बिघडते.

सकाळ रात्रीच सुरू होते

ही गोष्ट मला आधी माहीत नव्हती. सकाळी लवकर उठायचे असेल तर रात्री लवकर झोपावे लागते, एवढे सगळ्यांना माहीत असते. पण किती वाजता ते कोणी मोजत नाही. डॉक्टर लोक सांगतात की ६ ते १२ वर्षांच्या मुलांना रोज ९ ते १२ तास झोप पाहिजे. ३ ते ५ वर्षांच्या मुलांना तर दुपारची धरून १० ते १३ तास पाहिजे. आता आपण गणित करू.

बारक्या ६ वर्षांचा आहे. त्याला सकाळी साडेसहाला उठायचे आहे. त्याला १० तास झोप द्यायची ठरवली तर साडेसहातून १० तास मागे जायचे. उत्तर येते रात्रीचे साडेआठ. अगदी कमीत कमी ९ तास धरले तरी साडेनऊ. जे मूल अकरा वाजेपर्यंत मोबाईल बघत जागे असते, त्याची झोप साडेसहाला साडेसात तासच होते. मग ते उठणार कसे? ते आळशी नसते. त्याची झोप राहिलेली असते.

लहान मुलांची झोप पुरी व्हावी म्हणून २०२४ साली महाराष्ट्र शासनाने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवू नयेत असे ठरवले. पण शाळा उशिरा भरली आणि आपण पण उशिराच झोपलो, तर त्याचा काय उपयोग? शनिवारी आमची शाळा लवकर भरते. म्हणून शुक्रवारी रात्री तासभर आधी अंथरूण घालावे.

अंधार पडला की आपल्या शरीरात मेलाटोनिन नावाचा पदार्थ तयार होतो. तो शरीराला सांगतो की आता रात्र झाली. डोळ्यांवर मोबाईलचा उजेड पडत राहिला तर तो पदार्थ उशिरा तयार होतो आणि झोप उशिरा येते. म्हणून झोपायच्या एक तास आधी मोबाईल आणि टीव्ही बंद करावा. आमच्या आजीला हे शास्त्र माहीत नाही. पण ती म्हणते, "दिवा मालवला की डोळं आपोआप मिटत्यात." दोघांचे म्हणणे एकच आहे.

रात्री करायची चार कामे

१. उद्याच्या वेळापत्रकाप्रमाणे दप्तर भरणे. पेन्सिलीला टोक काढून ठेवणे.
२. शाळेचा सदरा, चड्डी किंवा झगा एका जागी घडी करून ठेवणे. बटण तुटले असेल तर रात्रीच लावून घेणे.
३. दोन्ही चपला दाराजवळ जोडीने ठेवणे.
४. पाण्याची बाटली धुवून पालथी ठेवणे.

दप्तराला घरात एक जागा पाहिजे. खुंटी असली तर चांगलेच. पण ती लहान मुलाच्या हाताला लागेल एवढी खाली पाहिजे. आमच्याकडे दादांनी दाराच्या मागे खाली एक खिळा ठोकला. आता बारक्या स्वतः दप्तर अडकवतो आणि स्वतः काढतो.

वेळ जातो कुठे?

मी एक दिवस भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून कामे मोजली. आमच्या आईची खुरपणीची गाडी आठ वाजता येते. बारक्या साडेसहाला उठतो. म्हणजे आईजवळ ९० मिनिटे असतात. संडासला जाणे १० मिनिटे, दात घासून तोंड धुणे ५ मिनिटे, अंघोळ १० मिनिटे, कपडे आणि केस १० मिनिटे, खाणे २० मिनिटे. सगळी बेरीज ५५ मिनिटे. ९० मधून ५५ गेले, राहिले ३५. म्हणजे वेळ उरायला पाहिजे. मग घाई का होते? तर ती ३५ मिनिटे चप्पल शोधण्यात, वही शोधण्यात, रुसण्यात आणि समजूत काढण्यात जातात. रात्रीची चार कामे केली की शोधण्याचा वेळ वाचतो. तुम्ही पण आपल्या घरी मोजून पाहा.

उठवावे कसे?

पांघरूण ओढून, अंगावर पाणी मारून उठवू नये. असे उठवले की मूल दचकते आणि रडतच उठते. मग पुढचे काम होत नाही. आधी दार किंवा खिडकी उघडावी. उजेड डोळ्यांवर आला की शरीराला कळते की सकाळ झाली. मग जवळ बसून नाव घ्यावे, पाठीवर हात फिरवावा. पाच मिनिटे लोळू द्यावे. आजी बारक्याला उठवताना म्हणते, "ऊठ राजा, म्हशीचं रेडकू कवाच उठलंय." मग तो रेडकू बघायला आपणच उठतो.

'लवकर कर' हे काम नव्हे

हे मला फार महत्त्वाचे वाटते. मोठी माणसे सकाळी 'लवकर कर, लवकर कर' म्हणतात. पण पहिलीच्या मुलाला घड्याळ कळत नाही. लवकर म्हणजे काय करायचे हे त्याला समजत नाही. ते नुसते घाबरते आणि उभे राहते. त्याला 'आता सदरा घाल' असे सांगितले तर समजते. एका वेळी एकच काम सांगावे. ते झाले की दुसरे सांगावे. 'दात घास, अंघोळ कर, वही घे आणि शेरडाला पाला टाक' असे एकदम सांगितले तर त्यातले शेवटचेच त्याच्या लक्षात राहते. मग ते दात न घासता पाला टाकायला जाते आणि वर बोलणी खाते.

रोजचा क्रम एकच ठेवावा. क्रम बदलला नाही की काही दिवसांनी सांगावे लागत नाही. आम्ही एका पुठ्ठ्यावर चित्रे काढली. बारक्याला अजून नीट वाचता येत नाही, म्हणून शब्द लिहिले नाहीत. वरून खाली अशी चित्रे आहेत : सूर्य, टमरेल, दात घासायचा ब्रश, बादली, सदरा, ताटली, दप्तर. पुठ्ठ्याच्या कडेला कपडे वाळत घालायचा एक चिमटा लावला. एक काम झाले की तो चिमटा एक चित्र खाली सरकवतो. चिमटा दप्तरापर्यंत आला की तयारी झाली. याला पैसे लागत नाहीत. पुठ्ठा दुकानात मागितला तर मिळतो. ज्या घरांत मराठी कमी बोलतात, तिथे पण चित्रे चालतात.

मुलाला थोडे विचारावे पण. 'भाकरी दुधात कुस्करून देऊ का चटणीबरोबर देऊ?' असे विचारले की ते विचार करते आणि खाते. 'खाणार का?' असे विचारले की ते 'न्हाई' म्हणते.

उपाशी जाऊ नये

पुन्हा एक गणित करू. रात्री ८ वाजता जेवलेले मूल सकाळी काही न खाता शाळेत आले आणि दुपारी १ वाजता शाळेतला आहार जेवले, तर किती तास उपाशी राहिले? आठपासून एकपर्यंत १७ तास होतात. त्यातच परिपाठाला उन्हात उभे राहायचे असते. एकदा बारक्या असाच न खाता गेला होता. परिपाठात त्याच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि तो खालीच बसला. बाईंनी त्याला सावलीत नेऊन पाणी आणि गूळ दिला. त्या दिवसापासून आई गाडी चुकली तरी चालेल पण त्याला खायला घालूनच जाईन म्हणते.

शाळेत दुपारचा आहार मिळतो. ही योजना १९९५ साली सुरू झाली. पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम तांदूळ आणि त्याबरोबर डाळ, भाजी धरून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत असे त्यात ठरलेले आहे. पण ते दुपारचे जेवण आहे. ते सकाळच्या न्याहारीच्या जागी चालत नाही.

न्याहारीला वेगळा खर्च पाहिजे असे नाही. दुधात कुस्करलेली भाकरी, मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा, केळे, उकडलेले अंडे, फोडणीची भाकरी, पोहे यांपैकी जे घरात असेल ते द्यावे. नुसता चहा म्हणजे न्याहारी नव्हे. चहाने भूक मरते पण पोट भरत नाही. शिवाय जेवणाबरोबर चहा घेतला तर अन्नातले लोह अंगाला कमी लागते.

पोटात दुखते तेव्हा

लहान मुले सकाळी 'पोटात दुखतंय' म्हणतात. मोठी माणसे म्हणतात, 'सोंग करतोय.' पण आधी बघावे. ताप आहे का, उलटी झाली का, जुलाब आहेत का? असतील तर शाळेत न पाठवता आरोग्य केंद्रात न्यावे. यातले काहीच नसेल आणि तरी रोज दुखत असेल, तर शांतपणे विचारावे.

बारक्याचे पण पोट दुखायचे. आजीच्या लक्षात आले की रविवारी दुखत नाही. तिने त्याला मांडीवर घेऊन विचारले, "वाटंत काय भ्या वाटतंय का रं?" तेव्हा त्याने सांगितले की पिठाच्या गिरणीजवळ एक कुत्रा असतो, तो अंगावर येतो. एवढीच गोष्ट होती. पण ती सांगायला त्याला पंधरा दिवस लागले, कारण सकाळच्या घाईत कोणी विचारलेच नव्हते. भीतीने खरेच पोटात दुखते, असे बाईंनी सांगितले. ते सोंग नसते.

कुत्र्याबद्दल पण लिहिते. कुत्रा अंगावर आला तर पळू नये, दगड मारू नये, हळूहळू बाजूला व्हावे. चावला किंवा ओरखडला तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवावी आणि लगेच सरकारी दवाखान्यात जाऊन सुया घ्याव्यात. जखमेला हळद, चुना, मिरची लावू नये. मुलांनी भिऊन लपवू नये.

आता आमच्या आळीतली आम्ही सहा मुले मिळून जातो. मोठ्यांनी लहानांचा हात धरायचा आणि सगळ्यांनी गिरणीजवळ पळायचे नाही. कुत्रा नुसता बघतो.

शाळेचे भय घालू नये

'गप बस, नाहीतर बाई मारतील', 'शाळेत नाही गेलास तर गुरुजी कोंडून घालतील' असे काही पालक म्हणतात. कृपा करून असे म्हणू नये. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेत मुलांना मारणे आणि त्यांना मानसिक त्रास देणे या दोन्हींना बंदी आहे. म्हणून ती गोष्ट खोटी पण होते, आणि मुलाला शाळा म्हणजे पोलीस ठाणे वाटू लागते.

शाळेत सोडायला आलेल्या आईने मुलाची नजर चुकवून निघून जाऊ नये. मूल वळून बघते आणि आई नसते, मग ते फारच रडते. सांगून जावे. पण 'चार वाजता येते' असे सांगून त्याला कळत नाही. 'खिचडी खाल्ली, मग खेळलास, मग मोठी घंटा झाली की मी झाडाखाली असते' असे सांगावे. आणि सांगितले तसे यावे. एकदा चुकले तर दुसऱ्या दिवशी ते विश्वास ठेवत नाही. आई कामाला असेल तर 'ताई घेऊन येईल' असे सांगावे.

हे सगळे एकट्या आईचे काम नाही

माझा हा पाठ वाचून कोणी आपल्या आईला दोष देऊ नये. आमच्या गावातल्या बऱ्याच आया पाचला उठतात. झाडलोट, पाणी, धारा, भाकरी, डबे करून त्या कामावर जातात. ऊसतोडीला जाणारी माणसे तर अंधारातच निघतात. त्यांची मुले आजी-आजोबांजवळ असतात किंवा मोठी बहीण सगळे बघते. अशा घरी कामे वाटून घ्यावीत. दप्तर मुलाने स्वतः भरावे. अंघोळीचे पाणी वडिलांनी काढून द्यावे. केस आजीने विंचरावेत. आमच्या घरी दादांनी बारक्याची अंघोळ आपल्याकडे घेतली. आता आईला भाकरी खाऊन जायला वेळ मिळतो. आधी ती गाडीतच खायची.

ज्या मुलांचे आई-वडील लांब कामाला गेले आहेत, त्यांना शेजारच्या मुलांनी हाक मारून बरोबर घ्यावे. हाक मारली की ते मूल शाळा बुडवत नाही.

शाळेत आल्यावर

घंटेच्या आधी दहा मिनिटे पोहोचावे. म्हणजे दम खायला, पाणी प्यायला वेळ मिळतो. हात साबणाने निदान २० सेकंद धुवावेत. राष्ट्रगीताला ५२ सेकंद लागतात, म्हणजे हात धुवायला त्याच्या निम्म्याहून कमी वेळ पुरतो.

परिपाठ झाल्यावर बाई पहिलीच्या वर्गात शांततेचा खेळ घेतात. सगळ्यांनी डोळे मिटायचे आणि कोणकोणते आवाज येतात ते ऐकायचे. पंख्याचा, चिमणीचा, लांबच्या ट्रॅक्टरचा. मग बाई एकेकाचे नाव अगदी हळू घेतात आणि तो पाय न वाजवता त्यांच्याजवळ जातो. हा खेळ मारिया माँटेसोरी यांच्या शाळेतला आहे. त्यांनी १९०७ साली इटलीत रोम शहरात लहान मुलांची शाळा काढली होती.

आपल्या महाराष्ट्रात ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे खेड्यातल्या मुलांसाठी ग्राम बालशिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ त्यांच्या बरोबर काम करत होत्या. पाड्यावरची मुले बालवाडीत येत नाहीत हे पाहून त्यांनी मुलांना रागावले नाही. त्या स्वतः पाड्यावर गेल्या आणि तिथल्या अंगणातच वर्ग भरवला. तीच अंगणवाडी. पुढे कोसबाडला त्यांनी गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरवली, तिला कुरणशाळा म्हणत. बोर्डी आणि कोसबाड ही गावे आता पालघर जिल्ह्यात आहेत. यावरून मला असे वाटते, की मूल शाळेत येत नसेल किंवा रडत येत असेल, तर त्याला काय अडचण आहे हे मोठ्यांनी जवळ जाऊन बघावे.

स्वाध्याय

१. तुमच्या घरी सकाळच्या कोणत्या कामाला किती मिनिटे लागतात? लिहून बेरीज करा.
२. तुमच्या लहान भावंडाला साडेसहाला उठायचे आहे व त्याला ११ तास झोप पाहिजे. त्याने किती वाजता झोपावे?
३. पुठ्ठ्यावर कामांची चित्रे काढा व चिमटा लावा. आठ दिवसांनी काय फरक पडला ते वर्गात सांगा.
४. शाळेच्या वाटेवर लहान मुलांना कशाची भीती वाटते, ते त्यांना विचारा आणि बाईंना सांगा.
५. पालकांसाठी : उद्या सकाळी 'लवकर कर' हे शब्द न वापरता मुलाला तयार करून पाहा.

इयत्ता चौथीतील एक विद्यार्थिनी